हिरव्या ठिपक्याची नाणी

वेंडेल कोगरला दहा सेंटांची नाणी, म्हणजे डाइम, गोळा करायचा छंद होता. हाच छंद का धरलास असं कुणी विचारलं, तर तो म्हणायचा, "कारण यात माणसाचं दिवाळं निघत नाही." आणि ते खरंच होतं. बँकेत पाच डॉलर द्यायचे, पन्नास डाइमचं कागदी पुडकं घ्यायचं, घरी येऊन स्वयंपाकघरातल्या टेबलावर फोडायचं, एकेक नाणं उलटून पालटून बघायचं. हवं ते मिळालं तर ठेवायचं, नाही तर पाच डॉलरचे पाच डॉलर जागच्या जागी. त्याच्या शेजाऱ्यानं मासे धरायला मोटारीची बोट घेतली होती. सात वर्षांत ती तीनदा पाण्यात गेली आणि बाकी वेळ अंगणात ताडपत्रीखाली झोपून राहिली. वेंडेल खिडकीतून त्या ताडपत्रीकडे बघायचा आणि नाणी मोजत बसायचा. त्याच्या तोंडावर जे समाधान असायचं ते बघून त्याच्या बायकोला, इमोजीनला, त्याचा राग यायचा.

"इतकी वर्षं घासतोयस," ती म्हणायची, "पण दहा सेंटांचे अकरा काही झाले नाहीत."

"नऊही झाले नाहीत," वेंडेल म्हणायचा.

माणूस असा. ओहायो नदीच्या अलीकडच्या काठावर जन्मला, शाळेच्या पिवळ्या बसगाड्यांची इंजिनं दुरुस्त करत आयुष्य काढलं आणि निवृत्त झाला तेव्हा नखांतलं काळं ग्रीस काही निवृत्त झालं नाही. बोलणं मोजकं, हिशेब चोख, आणि एकदा मनात अढी बसली की ती काढायला देवाला खाली यावं लागेल. गावात त्याला कुणी वाईट म्हणत नसे. पण कुणी त्याच्याशी वादही घालत नसे.

नाण्यांचा नाद मात्र निवृत्तीनंतरचा नव्हे. तो लहानपणापासूनचा, आणि एकट्याचाही नव्हता. त्यात त्याचा धाकटा भाऊ डेल्मर होता.

त्यांची आई औषधांच्या दुकानात सोडा आणि आइस्क्रीम विकायच्या काउंटरवर उभी राहायची. शनिवारी संध्याकाळी ती मालकाच्या परवानगीनं गल्ल्यातले डाइम घरी आणायची, तेवढ्याच नोटा त्यात ठेवून. सोमवारी सकाळी ते परत जायचे. मधल्या रविवारी दोघं भाऊ चर्चमधून आले की वर्तमानपत्राच्या पानावर पसरलेल्या त्या नाण्यांवर ओणवे व्हायचे. भिंतीवरच्या कॅलेंडराएवढं निळ्या पुठ्ठ्याचं एक पुस्तक होतं, त्यात वर्षावर्षाची आणि टांकसाळीटांकसाळीची गोल भोकं होती. ज्या वर्षाचं नाणं सापडेल ते अंगठ्यानं त्या भोकात दाबून बसवायचं. पुस्तक एकच, दोघांच्या मालकीचं.

पण गल्ल्यातली नाणी पुन्हा गल्ल्यात, गल्ल्यातून पुन्हा घरी. तीच तीच नाणी दर आठवड्याला तपासायची म्हणजे वेळ फुकट. म्हणून खुणेची युक्ती निघाली. बघून झालेल्या नाण्यावर, त्यावरच्या राष्ट्राध्यक्षांच्या हनुवटीखाली, टाचणीच्या डोक्याएवढा रंगाचा ठिपका द्यायचा. वेंडेलचा ठिपका लाल, आईच्या नखांच्या रंगाचा. डेल्मरचा हिरवा, बापाच्या मासे धरायच्या गळाच्या बुचाला लावायच्या रंगाचा. ठिपका दिसला की समजायचं, हे नाणं भावाच्या हाताखालून गेलंय, याच्यावर डोळे शिणवू नकोस.

सगळी भोकं भरली, एक सोडून. एकोणपन्नास सालचं, सॅन फ्रान्सिस्कोच्या टांकसाळीचं. तिकडची नाणी आमच्या नदीकाठापर्यंत क्वचितच यायची. ते शेवटी जिल्ह्याच्या जत्रेत वेंडेलला मिळालं, सॉसेज-पावाच्या मोडीत. त्याच्या खिशाला भोक होतं, म्हणून डेल्मरनं ते गालात धरलं आणि जत्रेपासून घरापर्यंत तोंड न उघडता चालत आला. डेल्मर गप्प राहिल्याची कोगरांच्या घरात नोंद झालेली ती एकमेव दुपार. पुस्तक पूर्ण झालं. आईनं ते कपाटात तिच्या चांगल्या बशांखाली ठेवलं, आणि दोघांची लग्नं झाल्यावर डेल्मरच्या घरी ठेवायचं ठरलं, कारण त्याचं घर कोरडं होतं.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. चौसष्ट सालापर्यंतचे डाइम चांदीचे असत. त्यानंतरचे तांब्याच्या पोटाचे, वरून पांढरे. नाणं आडवं धरलं की कडेला तपकिरी रेघ दिसते. चांदीच्या नाण्याची कड मात्र सलग पांढरी. त्या निळ्या पुस्तकातलं एकूण एक नाणं चांदीचं होतं.

ऐंशी साल उजाडलं तेव्हा चांदीचा भाव असा काही चढला, की शहाणी माणसं वेडी झाली. हमरस्त्यावरच्या मोटेलात व्यापाऱ्यांनी खोल्या घेतल्या, खाटेवर तराजू मांडले आणि बाहेर थंडीत लोकांची रांग लागली. कुणाच्या हातात कॉफीच्या डब्यात भरलेली नाणी, कुणाच्या हातात आजीचे चमचे. त्याच थंडीत डेल्मरचा काचेचा कारखाना बंद पडला होता, घर गरम ठेवणारी भट्टी फुटली होती आणि दोन पोरं कोट घालून झोपत होती. डेल्मर रांगेत उभा राहिला. व्यापाऱ्यानं पुस्तक उघडलं आणि अंगठ्यानं एकेक नाणं मागून दाबून तराजूत पाडलं. साल कुठलं, टांकसाळ कुठली, हे त्यानं बघितलंही नाही. रिकामं पुस्तक डेल्मरला परत दिलं.

डेल्मरनं लपवलं नाही. दुसऱ्याच दिवशी तो अर्धे पैसे पाकिटात घालून वेंडेलच्या दारात आला.

"वजनावर विकलीस?" वेंडेलनं विचारलं.

"भट्टी फुटली होती, वेंडेल. पोरं कुडकुडत होती."

"मला विचारलं का नाहीस?"

"तू नको म्हणाला असतास."

"म्हणून विचारलं नाहीस."

"हो, म्हणून नाही विचारलं," डेल्मर म्हणाला.

वेंडेलनं ते पाकीट त्याच्या गाडीच्या सीटवर नेऊन ठेवलं आणि घराचं दार लावून घेतलं. खरं म्हणजे भट्टीचे पैसे त्यानंच दिले असते, न मागता दिले असते. हे त्यालाही ठाऊक होतं, आणि राग त्याचाच होता. भाऊ आपल्याकडे न येता तराजूवाल्याकडे गेला, हे त्याला गिळता येईना. पण हे तोंडानं कोण सांगणार. त्यापेक्षा चांदीवर भांडणं सोपं.

त्यानंतर डेल्मर पुलापलीकडे, नदीच्या दुसऱ्या काठावरच्या राज्यात राहायला गेला. पूल असा, की पेपरोनीचं तिखट सॉसेज भरलेला पाव खायला सुरुवात करावी आणि तो संपायच्या आत गाडी पलीकडे पोचावी. पण तो पूल या दोघांनी ओलांडला नाही. आईच्या दफनाला दोघं आले, खड्ड्याच्या दोन टोकांना उभे राहिले आणि आपापल्या गाडीत बसले. सुंभ जळतो, पीळ जळत नाही, म्हणतात. इथे तर सुंभही नीट जळला नव्हता.

वर्षं गेली. वेंडेलनं बसगाड्यांना रामराम ठोकला आणि रिकाम्या हातांना काम हवं म्हणून पुन्हा डाइमची पुडकी आणायला लागला. नदीच्या दोन्ही काठांवर मिळून एकच छोटी बँक होती, अलीकडे एक शाखा, पलीकडे एक. चिल्लर इकडे जास्त झाली की पुलावरून तिकडे जाई, तिकडे जास्त झाली की इकडे येई. दर गुरुवारी तो सकाळी बँक उघडताच जाऊन उभा राहायचा. काउंटरवरची ग्लेन्ना त्याच्यासाठी पुडकी बाजूला काढून ठेवायची.

"आज तरी खजिना मिळू दे, मिस्टर कोगर," ती म्हणायची.

"खजिना मिळाला तर तुझ्या बँकेत ठेवणार नाही," वेंडेलचं उत्तर ठरलेलं.

एका गुरुवारी त्यानं एक पुडकं फोडलं आणि तिसऱ्याच नाण्यावर त्याचा हात थबकला. हनुवटीखाली ठिपका होता. हिरवा.

त्यानं चष्मा पुसला. मग नाणं इमोजीनपुढे धरलं.

"हे बघ."

"काय बघू? कुणीतरी रंग सांडलाय."

"सांडला नाही, दिलाय. डेल्मरनं."

इमोजीननं घेवड्याचं सूप ढवळायचं थांबवलं. "म्हणजे तोसुद्धा पुन्हा नाणी तपासायला लागला तर," ती म्हणाली. "आणि तुला कळावं म्हणून ठिपके देतोय."

"मला कळावं म्हणून कशाला? स्वतःसाठी देत असेल. तपासलेली खूण."

"हो ना. या वयात हिरवा रंग शोधून आणलाय, स्वतःसाठी." तिनं चमचा खाली ठेवला. "माझी लाल नखपॉलिशची बाटली न्हाणीघरात आहे. घे आणि तूही दे ठिपका."

"मी का देऊ? वजनावर त्यानं विकली."

"अरे, तीस वर्षं झाली त्या वजनाला."

"म्हणून हलकं झालं का ते?"

इमोजीन पुन्हा सुपाकडे वळली. त्या घरात एवढं बोलणं म्हणजे कडाक्याचं भांडण समजलं जाई.

पण त्या दिवसापासून वेंडेलचा गुरुवार बदलला. वरवर तो चांदीच शोधत असायचा, आणि महिन्या-दोन महिन्यांतून एखादं पांढऱ्या कडेचं नाणं मिळायचंही. पण डोळे आधी हनुवटीकडे जायचे. कधी दोन हिरवे ठिपके निघायचे, कधी पाच, कधी एकही नाही. एकही निघाला नाही की तो दिवसभर कुत्र्यावर खेकसायचा. ठिपके निघाले की जेवताना सहज बोलल्यासारखं म्हणायचा, "डेल्मरचं बरं चाललेलं दिसतंय."

"तर जाऊन बघ ना."

"बरं चाललंय म्हणतोय ना मी. बरं चाललेल्या माणसाला काय बघायचं?"

एकदा थँक्सगिव्हिंगच्या सणाच्या आदल्या दिवशी त्यानं खरोखर ती लाल बाटली काढली. घर टर्कीच्या वासानं भरलं होतं, इमोजीनच्या बहिणी यायच्या होत्या, आणि कोण जाणे कशानं, त्याचं मन मऊ झालं होतं. त्यानं झाकण फिरवलं. आत रंग वाळून खडा झाला होता. दुकान कोपऱ्यावर होतं. त्यानं बाटली कचऱ्यात टाकली आणि स्वतःशी म्हणाला, योग नाही. योग! दीड डॉलरच्या बाटलीला योग लागत नाही. पण जिथे वाकायची तयारी नसते तिथे माणसाला पंचांग आठवतं, मग तो ओहायोतला असो की कुठलाही.

आता या छंदातला एक नियम असा, की ज्या बँकेतून पुडकी घ्यायची तिथेच तपासलेली नाणी परत न्यायची नाहीत. एक तर काउंटरवरच्या बायका वैतागतात आणि दुसरं, आपलीच उष्टी नाणी आपल्याच ताटात येतात. वेंडेल नियमाचा पक्का. अग्निशामक स्वयंसेवकांच्या हॉलमध्ये शुक्रवारी म्हाताऱ्यांचा बिंगो, म्हणजे आकडे जुळवायचा खेळ, असायचा, दहा सेंटांना एक पत्ता. तिथे सुट्ट्या डाइमची नेहमी ओढ. वेंडेल आपली तपासलेली नाणी तिथे द्यायचा आणि नोटा घ्यायचा. हिरव्या ठिपक्याची नाणीसुद्धा तिथेच जायची. ठेवून घ्यावीत असं त्याला वाटायचं, नाही असं नाही. पण ठेवून घेतली तर इमोजीन काही तरी बोलणार, आणि ती बोलली की ते खरं निघणार.

पुढेपुढे ठिपके फिके दिसायला लागले. कुठे अर्धा उडालेला, कुठे नुसती हिरवी झाक. वेंडेल म्हणाला, "रंगात काटकसर करतोय. कोगरच तो." एका नाण्याची कड चाकाखाली आल्यासारखी चेपलेली होती, वर ठिपका. तेच नाणं काही महिन्यांनी पुन्हा आलं. वेंडेल हसला. "बघितलंस? तेच परत पाठवलं. चिडवतोय मला." त्या दिवशी त्यानं बायकोला आपणहून कॉफी करून दिली.

मग नदीपलीकडची शाखा बँकेनं बंद केली. तिथल्या काउंटरवरची बाई, टॅमरा, अलीकडे बदलून आली. पहिल्याच गुरुवारी ग्लेन्नाच्या जागी ती उभी होती. वेंडेलनं डाइमची पुडकी मागितली, तशी ती त्याच्याकडे बघत राहिली.

"तुमचं नाव काय म्हणालात?"

"कोगर."

"तरीच. मी म्हटलं हे नाक कुठे बघितलंय. डेल्मर तुमचे भाऊ?"

वेंडेलनं मान हलवली. भाऊ हा शब्द दुसऱ्याच्या तोंडून त्यानं कित्येक वर्षांत ऐकला नव्हता.

"तेही असेच यायचे, डाइम न्यायला," टॅमरा म्हणाली. "फार गोड माणूस. फार बोलायचे. आता कसे आहेत?"

"ठीक आहे. मागच्याच आठवड्यात—" वेंडेल थांबला. "का? तुमच्याकडे येतो ना?"

टॅमराचा चेहरा पडला. "अहो, मी सांगू नये खरं तर. मला वाटलं तुम्हाला माहीत असेल. ते दोन हिवाळ्यांपूर्वीपासून येत नाहीत. आधी घरचा रस्ता चुकायला लागले. मग पोरांनी त्यांना टेकडीवरच्या त्या वृद्धाश्रमात ठेवलं."

"चूक होतेय तुमची," वेंडेल म्हणाला. "तो नाणी बघतो. त्याची खूण येते माझ्याकडे."

"मला नाही माहीत, मिस्टर कोगर. मी तरी त्यांना पुडकं दिलं नाही."

वेंडेल पुडकी घेऊन घरी आला. टेबलाशी बसला आणि पहिलंच पुडकं फोडलं. त्यात फिक्या हिरव्या ठिपक्याची दोन नाणी होती, आणि त्यातलं एक चेपलेल्या कडेचं. तिसऱ्यांदा.

ते नाणं त्यानं उलटून पालटून बघितलं, आणि मग जे कुठल्याही पोराला कळलं असतं ते त्याला कळलं. शुक्रवारी तो नाणी बिंगोला द्यायचा. सोमवारी बिंगोचा गल्ला बँकेत जायचा. गावात दुसरी बँक होतीच कुठे? गुरुवारी तीच नाणी पुडक्यात बांधून त्याच्या हातात यायची. गेले दोन हिवाळे डेल्मरनं काही पाठवलं नव्हतं. वेंडेलच वेंडेलला पाठवत होता. भावाचं बरं चाललंय हा निरोप तो दर आठवड्याला स्वतःच टपालात टाकत होता आणि स्वतःच वाचून खूश होत होता.

आणि त्यानं आपला लाल ठिपका दिला असता, एकदा जरी दिला असता, तर हिरव्याशेजारी लाल बघून पहिल्याच महिन्यात हे उघड झालं असतं. दोन हिवाळे हाताशी राहिले असते. कदाचित तेव्हा डेल्मरनं ओळखलं असतं.

इमोजीन आत आली. त्यानं तिला सगळं सांगितलं. तिला बोलायला तीस वर्षांचं बोलणं होतं. तिनं त्याचा कोट आणून खुर्चीच्या पाठीवर टाकला. "जेवून जातोस की आताच?" एवढंच विचारलं.

"आता."

पूल ओलांडायला खरोखरच तेवढाच वेळ लागला, एक पाव खाण्याएवढा. त्याला त्या एवढ्याशा अंतराचीच चीड आली.

आश्रमात मक्याच्या पावाचा आणि फरशी पुसायच्या औषधाचा वास मिसळलेला होता. खिडकीशी टेबलावर डेल्मर बसला होता. अंगावर दुसऱ्याच कुणाचा असावा असा मोठा स्वेटर, दाढी नीट केलेली, नाक वेंडेलचं. त्याच्यापुढे ताटलीत डाइम होते. तो एकेक उचलत होता, आडवं धरून कड बघत होता आणि डावीकडे ठेवत होता. तिथली परिचारिका म्हणाली, "हातांना सवय आहे. नाणी दिली नाहीत तर दिवसभर शर्टाची बटणं चाचपत राहतात. संपली की आम्ही तीच पुन्हा देतो, त्यांना कळत नाही."

वेंडेल समोर बसला. येताना गाडीत त्यानं बरंच जुळवलं होतं. भट्टीचं, पाकिटाचं, सगळं. तोंडातून निघालं ते एवढंच, "डेल्मर, मी वेंडेल."

डेल्मरनं वर बघितलं आणि तो छान हसला. "बँकेतले? या, या साहेब. बसा. तुमची माणसं हल्ली पुडकी फार सैल बांधतात, जरा सांगा त्यांना."

"सांगतो," वेंडेल म्हणाला. मग पुन्हा म्हणाला, "अरे, मी वेंडेल. तुझा भाऊ."

"माझ्या भावाचंही नाव वेंडेल आहे," डेल्मर म्हणाला. त्याला त्या योगायोगाची मौज वाटली. "पण तो तुमच्यापेक्षा पुष्कळ तरुण आहे. नदीपलीकडे असतो. बसगाड्यांकडे. तुम्ही ओळखत असाल, तुमच्याकडेच येत असेल तो."

वेंडेलनं टेबलाची कड धरली. "हो. येतो."

"मला माहीतच होतं." डेल्मरनं आणखी एक नाणं उचललं, कड बघितली, डावीकडे ठेवलं. "हे बघा. इतकी पुडकी झाली, चांदी एक नाही."

"वाईट वाटत असेल."

"वाईट? छे हो. साहेब, तुम्ही बँकेत असता पण तुम्हाला यातलं काही कळत नाही." डेल्मर पुढे झुकला, गुपित सांगायला. "चिल्लर आधी पलीकडे जाते, मग माझ्याकडे येते. आणि वेंडेलच्या हातून चांदी सुटत नाही. लहानपणापासून नाही सुटली. म्हणजे माझ्या पुडक्यात चांदी नाही याचा अर्थ काय? तो टेबलाशी बसलाय, डोळे शाबूत आहेत, बरं चाललंय त्याचं. ज्या दिवशी मला चांदी मिळेल ना, त्या दिवशी मी समजेन की वेंडेलचं काही तरी बिनसलंय."

वेंडेलनं डावीकडची दोन-तीन नाणी एकावर एक रचली आणि विचारलं, "मग भेटायला का गेला नाहीस त्याला?"

"जाईन की." डेल्मरनं पुढचं नाणं उचललं. "ठीक आहे ना तो. घाई कसली?"

निघताना डेल्मरनं ताटली पुढे सरकवली. "ही घेऊन जा, माझी बघून झाली. पुढच्या गुरुवारी नवी आणाल?"

"आणीन."

"आणि साहेब, वेंडेल दिसला तर त्याला काही सांगू नका. तो जरा तापट आहे."

तेव्हापासून वेंडेल दर गुरुवारी जातो. इमोजीन कधी सोबत असते, कधी डबा देते. डेल्मर त्याला साहेब म्हणतो, पुडक्यांच्या बांधणीबद्दल तक्रार करतो, पलीकडच्या भावाच्या गोष्टी सांगतो. त्यातल्या बऱ्याच वेंडेल विसरून गेला होता. आपण कोण हे त्यानं आता सांगणं सोडलंय. सांगितलं की डेल्मर गोंधळतो आणि नाणी बाजूला सारतो.

बुधवारी मात्र तो कुणाला भेटत नाही. दिवा जवळ ओढून टेबलाशी बसतो, दुसऱ्या दिवशी न्यायची पुडकी फोडतो आणि प्रत्येक नाण्याची कड बघतो. डोळे आता पूर्वीचे राहिले नाहीत, म्हणून दोनदा बघतो. मग पुडकी पुन्हा घट्ट बांधतो. भावाकडे चांदीचं एकही नाणं जाऊ देत नाही.